पाळीव सशाचे आजारपण आणि केसपालट : ओझर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

मराठी घरातील मुलाची सशाशी पहिली ओळख गोष्टीतून होते. कासवाशी शर्यत लावून वाटेत झोपणारा ससा किंवा पान अंगावर पडताच आभाळ कोसळले म्हणून पळत सुटणारा ससा त्याला ठाऊक असतो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याची दुसरी ओळख प्रयोगशाळेत होत असे. प्राणीशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमांत सस्तन वर्गाचा प्रतिनिधी म्हणून सशाची अंतर्रचना शिकविली जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर आणि २०१४ च्या निर्देशांनंतर महाविद्यालयांतील प्राणिविच्छेदन बंद होत गेले. गोष्टीतला ससा आणि विच्छेदनाच्या ताटातला ससा असे दोन ससे सुशिक्षित समाजाला परिचित आहेत. घराच्या कोपऱ्यात पिंजऱ्यात बसलेला, कालपासून काही न खाल्लेला तिसरा ससा मात्र बहुधा अपरिचितच राहतो.

गेल्या काही दशकांत शहरांप्रमाणेच निमशहरी वसाहतींतही मुलांच्या आवडीखातर ससे पाळण्याची प्रथा रूढ झाली आहे. ससा कमी जागेत राहतो, आवाज करीत नाही आणि पाला खातो, म्हणून तो सांभाळण्यास सोपा असा समज आहे. योग्य निगा राखल्यास पाळीव ससा आठ ते बारा वर्षे जगू शकतो. तथापि आजार ओळखण्यास झालेल्या विलंबामुळे आणि चुकीच्या औषधामुळे अनेक ससे त्यापूर्वीच दगावतात. केस गळण्याच्या काळात हा धोका विशेष वाढतो. सशाची केसपालट आणि त्याचे आजारपण यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे व ओझर परिसरातील हवामान आणि पीकपद्धती यांच्या संदर्भात शुश्रूषेची दिशा सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ससा : वर्गीकरण आणि शरीरधर्म

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. शेताच्या बांधावर दिसणारा रानससा हा लेपस नायग्रिकोलिस या जातीचा असून पाळीव ससा ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या जातीचा आहे. पाळीव सशाचे पूर्वज मूळचे युरोपातील आयबेरियन द्वीपकल्पातील. रानसशाची पिल्ले अंगावर केस घेऊन व डोळे उघडे ठेवून उघड्यावर जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले उघडीबोडकी व डोळे मिटलेली असतात. शेतात एकटे दिसलेले रानसशाचे पिल्लू अनाथ समजून घरी आणले जाते. वस्तुतः त्याची आई दिवसा दूर राहून ठरावीक वेळीच दूध पाजण्यास येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये रानससा संरक्षित असल्याने त्यास पाळणे बेकायदेशीरही आहे. पुढील सर्व विवेचन पाळीव सशापुरते मर्यादित आहे.

सशाची गणना पूर्वी उंदीर-खारींच्या कृंतक गणात केली जाई. १९१२ मध्ये गिडली यांनी त्याचा स्वतंत्र गण मानला. वरच्या पुढील दातांच्या मागे असलेली लहान दातांची दुसरी जोडी हे या गणाचे ठळक लक्षण होय. सशाच्या तोंडात एकूण २८ दात असतात आणि ते सर्व आयुष्यभर वाढत राहतात. ही वाढ झिजेने समतोल राहण्यासाठी दिवसाचे कित्येक तास तंतुमय गवत चावणे आवश्यक असते.

सशाच्या पचनसंस्थेचे तीन विशेष येथे लक्षात घ्यावे लागतात. पहिला म्हणजे त्याचे आंधळे आतडे (अंधांत्र) अतिशय मोठे असून त्यातील सूक्ष्मजीव चाऱ्याचे किण्वन करतात. दुसरा म्हणजे ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल लेंड्या बाहेर पडतात. मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या तो गुदद्वारापाशीच तोंड नेऊन खातो आणि त्यांतील प्रथिने व ब गटातील जीवनसत्त्वे पुन्हा मिळवितो. ही विकृती नसून पचनाचा आवश्यक भाग आहे. तिसरा विशेष असा की सशाला उलटी करता येत नाही. जे पोटात गेले त्याला पुढे सरकण्यावाचून मार्ग नसतो. आतड्यांची गती सतत चालू राहणे हीच म्हणून त्याच्या आरोग्याची मुख्य अट ठरते.

२. ओझर परिसराचे वैशिष्ट्य

अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे ओझर पुणे जिल्ह्यात आहे. येथे अभिप्रेत असलेले ओझर नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा विमान कारखाना येथे १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथे तयार झालेल्या मिग विमानांमुळे 'ओझर मिग' हे नावही रूढ झाले. कारखान्याची नोकरदार वसाहत आणि तिच्या सभोवती द्राक्षबागा व कांद्याची शेती असे या परिसराचे स्वरूप आहे.

सशाच्या दृष्टीने या परिसरातील दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब हवामानाची. निफाड तालुका राज्यातील कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध असून तेथे किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत मात्र कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास पोहोचते. एवढा चढउतार सशाला सोसावा लागतो.

दुसरी बाब पीकपद्धतीची. द्राक्षवेलीची खरड छाटणी सर्वसाधारणपणे एप्रिलच्या सुमारास आणि गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. त्यानंतर भुरी व केवडा या रोगांसाठी बुरशीनाशकांच्या फवारण्या सुरू होतात. द्राक्षाचे पान सशाला मुळात अपायकारक नाही, परंतु फवारणी झालेले पान आणि त्याच बागेच्या बांधावरील हरळी घातक ठरू शकते. थंडी ओसरल्यानंतरचा आणि पावसाळा संपतानाचा काळ हा केसपालटीचाही काळ असतो. सशाला हिरव्या व वाळलेल्या गवताची सर्वाधिक गरज असते त्याच सुमारास परिसरातील सहज मिळणारा चारा संशयास्पद बनतो. ओझरसारख्या गावात ससा पाळणाऱ्याने आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत ही गोष्ट नोंदवून ठेवणे हिताचे आहे.

३. केसपालट : स्वरूप आणि निगा

केस गळून त्या जागी नवे केस येणे ही नैसर्गिक प्रक्रिया असून तिचे नियमन प्रामुख्याने दिवसमानातील बदलामुळे होते. समशीतोष्ण प्रदेशात वसंत व शरद ऋतूंत वर्षातून दोनदा मोठी केसपालट होते. नाशिकच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. दिवसमानातील हा फरक कमी असल्याने व घरातील विजेच्या दिव्यांमुळे येथे हे चक्र काटेकोर राहत नाही. काही ससे आठवड्याभरात मोकळे होतात, तर काहींचे केस महिना-दीड महिना थोडेथोडे गळत राहतात.

केसपालट बहुधा डोक्याकडून सुरू होऊन पाठीकडे व बाजूंकडे सरकते. जुन्या व नव्या केसांची सीमारेषा अंगावर स्पष्ट दिसते. फुंकर घालून केस बाजूस केल्यास खालची त्वचा स्वच्छ आढळते व नव्या केसांची लव दिसते. ससा नेहमीप्रमाणे खात असेल तर चिंतेचे कारण नाही.

या काळात दररोज मऊ ब्रशने किंवा बोथट दातांच्या फणीने केस विंचरावेत. सशाची त्वचा अत्यंत पातळ असून ओढाताणीने फाटते, म्हणून गुंता ओढू नये. ओलसर तळहात अंगावरून हळुवार फिरविल्यास सुटे केस हाताला चिकटून निघतात. लांब केसांच्या अंगोरा जातीत मात्र कात्रीने वा यंत्राने केस नियमित कापावे लागतात. सशाला आंघोळ घालू नये. दाट केस लवकर वाळत नाहीत, अंगातील उष्णता कमी होते आणि भीतीने प्राणी गलितगात्र होतो. विंचरताना त्याला पाठीवर उताणे झोपविणेही टाळावे; त्या स्थितीत तो शांत वाटतो, परंतु ती भीतीमुळे आलेली निश्चलता असते. उचलताना कान धरू नयेत. एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली द्यावा. आधार नसलेल्या सशाने मागचे पाय जोराने झाडल्यास त्याच्या कण्याचे हाड मोडू शकते.

४. 'केसांचा गोळा' : एका समजुतीचे परीक्षण

केसपालटीच्या काळात खाणे सोडलेल्या सशाच्या पोटात केसांचा गोळा अडकला, असे निदान पूर्वी सर्रास केले जाई. अननसाचा रस किंवा पपई पाजण्याचा उपाय त्यातूनच प्रचलित झाला. आज या प्रक्रियेचा अर्थ वेगळ्या रीतीने लावला जातो. ससा दिवसभर अंग चाटत असल्याने निरोगी सशाच्या जठरातही केस असतात आणि ते अन्नाबरोबर पुढे सरकून लेंडीतून बाहेर पडतात. आहारात तंतू कमी पडले, पाणी कमी प्यायले गेले, वेदना किंवा भीती निर्माण झाली की आतड्यांची गती मंदावते. मग जठरातील अन्न व केस यांतील पाणी शोषले जाऊन त्यांचा घट्ट लगदा बनतो. अशा बहुसंख्य प्रसंगांत गोळा हे गती मंदावल्याचे कारण नसून तिचा परिणाम असतो.

हा कार्यकारणभाव समजल्यास उपायाची दिशा बदलते. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. अननस किंवा पपईतील पाचकद्रव्ये ते विरघळवीत नाहीत. उलट रसातील साखर आंधळ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडविते. तेल पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लेंड्या केसांनी माळेसारख्या जोडल्या गेलेल्या दिसणे ही पोटात केस अधिक जात असल्याची पूर्वसूचना होय. त्या वेळी विंचरणे, वाळलेले गवत आणि पाणी या तीनही गोष्टी वाढविणे हाच खरा प्रतिबंध ठरतो.

५. केस गळण्याची रोगजन्य कारणे

प्रत्येक केसगळती ही केसपालट नसते. पुढील चिन्हे आढळल्यास पशुवैद्यकास दाखविणे आवश्यक आहे.

(अ) कानाच्या आत तपकिरी, थरांची खपली आणि सतत डोके झाडणे. हे सोरोप्टिस जातीच्या सूक्ष्म परजीवींमुळे होते. खपली ओरबाडून काढू नये, कारण खालची त्वचा अतिशय दुखरी असते.

(आ) नाक, ओठ, कानांच्या कडा व पंजे यांवर पांढुरकी खपली. ही सार्कोप्टिस परजीवीमुळे होणारी खरूज असून तिचा संसर्ग हाताळणाऱ्यासही होऊ शकतो.

(इ) मानेवर व पाठीवर कोंडा आणि तो हलल्यासारखा दिसणे. हे शायलेटिएला या परजीवीचे लक्षण आहे.

(ई) गोलाकार चट्टे. हा बुरशीजन्य नायटा असू शकतो. तो मुलांच्या अंगावर उमटण्याची शक्यता असल्याने घरातील व्यक्तींनाही डॉक्टरांना दाखवावे.

(उ) हनुवटीखालचे केस ओले होऊन झडणे. वाढलेल्या दातांमुळे लाळ गळत असल्याचा हा पुरावा असतो.

(ऊ) मादीने स्वतःच्या छातीचे व पोटाचे केस उपटणे. गाभण मादी सुमारे ३१ दिवसांनी विते आणि तत्पूर्वी केस उपटून घरटे करते. नर जवळ नसतानाही खोट्या गर्भधारणेत ती हेच वर्तन करते.

६. आजाराची ओळख

ससा हा भक्ष्य प्राणी आहे. दुर्बळता उघड झाल्यास शिकारी प्राण्याच्या नजरेत येण्याचा धोका असल्याने आजार लपविणे हा त्याचा स्वभावधर्म बनला आहे. गाय हंबरते, कुत्रा विव्हळतो; ससा कोपऱ्यात गप्प बसतो. त्यामुळे ससा काय करतो यापेक्षा त्याने काय करणे थांबविले याकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त ठरते. आवडता पाला पुढे केल्यावर तो न येणे, लेंड्या लहान व विरळ होणे किंवा थांबणे, पाठ कुबडी करून बसणे, दात जोराने खाणे, मऊ लेंड्या न खाता त्या शेपटीखाली चिकटून राहणे, नाक वाहणे व पुढील पंजांच्या आतील बाजूचे केस चिकट होणे, मान एका बाजूस कलणे ही प्रमुख लक्षणे होत.

सुमारे बारा तास काहीही न खाल्लेला व लेंडी न टाकलेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा. उद्यापर्यंत वाट पाहण्याची सवलत गुराढोरांच्या बाबतीत काही वेळा असते. सशाच्या बाबतीत ती धोकादायक आहे. निरोगी सशाचे तापमान साधारणतः ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. आजारी सशाचे कान थंडगार लागणे आणि तापमान घसरणे हे ताप येण्याहूनही गंभीर लक्षण मानावे. याउलट लघवी पांढुरकी व गढूळ असणे स्वाभाविक आहे, कारण ससा जादा कॅल्शियम मूत्रावाटे टाकतो. वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे ती कधी लालसरही दिसते. दोन-तीन दिवस रंग टिकल्यास किंवा ससा कुंथत असल्यास तपासणी करावी.

७. शुश्रूषा आणि औषधविषयक दक्षता

आजारी सशाला शांत, अर्धवट अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावे. अंग थंड असल्यास कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. ज्या सशाच्या सोबतीची त्याला सवय आहे त्याच्यापासून शक्यतो तोडू नये. मात्र संसर्गजन्य रोगाची शंका असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पोट फुगून टणक झाले असल्यास तोंडाने काहीही देऊ नये, कारण मार्ग पूर्ण अडला असल्यास भरविलेले अन्न जीवघेणे ठरते. तशी स्थिती नसल्याची पशुवैद्यकाने खात्री केल्यावर सशाचे गोळीखाद्य पाण्यात भिजवून, पातळ करून, सुई काढलेल्या पिचकारीने ओठाच्या बाजूने थोडेथोडे भरवावे. मान सरळ असावी व प्रत्येक घोट गिळण्यास वेळ द्यावा. वेदनाशामक औषध, त्वचेखाली दिलेले द्रव आणि आतड्यांना चालना देणारी औषधे यांचा निर्णय पशुवैद्यकच करू शकतो.

औषधांविषयी सर्वाधिक दक्षता आवश्यक आहे. घरात उरलेली ॲमॉक्सिसिलीन किंवा ॲम्पिसिलीन यांसारखी पेनिसिलीन गटातील औषधे सशाला तोंडावाटे दिल्यास आंधळ्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन विषारी जंतूंची वाढ होते व ससा दगावू शकतो. क्लिंडामायसिन व लिंकोमायसिन हीही त्याच कारणासाठी वर्ज्य आहेत. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला झटके आणून मारक ठरते. खरजेवर आयव्हरमेक्टिन गुणकारी असले तरी त्याची मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाने ठरवावी. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्रा-मांजरास उपाशी ठेवतात. उलटी न करणाऱ्या सशाला तसे उपाशी ठेवू नये, हेही पालकाने आधी विचारून घ्यावे.

ग्रामीण व निमशहरी भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे कार्य प्रामुख्याने गाय, म्हैस, शेळी यांच्याभोवती संघटित झालेले आहे. सशाचा नित्य अनुभव असलेला पशुवैद्यक जवळच्या मोठ्या शहरात शोधावा लागतो. हा शोध ससा आजारी पडण्यापूर्वी करून ठेवणे, हा शुश्रूषेचा पहिला भाग होय. जवळच्या पशुवैद्यकाला त्या तज्ज्ञाशी दूरध्वनीवरून बोलता येईल अशी व्यवस्था झाल्यास मोलाचे तास वाचतात.

८. आहार आणि ऋतुमान

प्रौढ सशाच्या आहाराचा मोठा भाग गवताचा असावा. हरळी, मारवेल यांसारखी गवते फवारणीपासून दूरच्या जागेतून कापून, पावसाळ्यानंतर सावलीत वाळवून साठवावीत; म्हणजे गोडी छाटणीच्या काळात बांधावरच्या चाऱ्यावर अवलंबून राहावे लागत नाही. लसूणघास वाढत्या पिल्लांना व दुभत्या मादीला उपयुक्त आहे, परंतु कॅल्शियमचे प्रमाण जास्त असल्याने प्रौढ सशाला ती बेताने द्यावी. नावात लसूण असली तरी ती शेंगवर्गीय वनस्पती आहे. खरी लसूण, कांदा व कांद्याची पात मात्र रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, म्हणून कांद्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ती सशापासून दूर ठेवावी. गाजर हे चित्रकथांनी सशाच्या हाती दिलेले खाद्य आहे. त्यातील साखरेमुळे ते खाऊपुरतेच ठेवून त्याचा पाला द्यावा. पोळी, बिस्किटे व धान्य टाळावे.

उन्हाळ्यात ससा घाम गाळून थंड होऊ शकत नाही. मोठ्या कानांतील रक्तवाहिन्यांतून तो उष्णता बाहेर टाकतो. पत्र्याच्या छपराखाली पिंजरा ठेवू नये. ओले गोणपाट, माठाजवळची जागा आणि थंड फरशी यांचा उपयोग करावा. धापा टाकणाऱ्या सशाचे कान ओल्या कापडाने पुसावेत. बर्फाच्या पाण्यात त्यास बुडवू नये. पावसाळ्यात ओलसर अंथरूण हा मुख्य शत्रू आहे. कॉक्सिडिया या परजीवीची लेंडीतून पडलेली अंडी उबदार ओलीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, त्यामुळे रोज लेंड्या काढल्याने रोगाची साखळी तुटते. याच ऋतूत शेपटीखाली घाण चिकटलेल्या सशाच्या अंगावर माशा अंडी घालतात व अळ्या काही तासांत मांस पोखरू लागतात. म्हणून दिवसातून दोनदा तो भाग तपासावा. हिवाळ्यात कोरडा ससा थंडी चांगली सोसतो. त्याला वाऱ्याचा झोत व ओल सोसवत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की केसपालट हा आजार नसून सशाच्या पचनसंस्थेची दरवर्षी होणारी परीक्षा आहे. गवत, पाणी व हालचाल पुरेशी असलेला ससा ती सहज उत्तीर्ण होतो. यांपैकी एकाचीही उणीव असलेला ससा याच काळात आजारी पडतो आणि दोष मात्र केसांना दिला जातो. बोलू न शकणाऱ्या व दुखणे लपविणाऱ्या या प्राण्याच्या बाबतीत पालकाचे नित्य निरीक्षण हेच निदानाचे प्रमुख साधन ठरते.

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, प्रत्येक पालकाने साधी वही ठेवून रोजचे खाणे, लेंड्यांचे स्वरूप आणि आठवड्याचे वजन नोंदवावे. अशी वही पशुवैद्यकापुढे ठेवल्यास निदान सुकर होते. दोन, विच्छेदन थांबल्यानंतर रिकाम्या झालेल्या प्रात्यक्षिकांच्या जागी प्राणीशास्त्र विभागांनी परिसरातील पाळीव सशांच्या केसपालटीचे व आहाराचे नोंदप्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावेत. त्यातून दख्खनच्या हवामानातील केसपालटीचे स्थानिक वेळापत्रक हाती येऊ शकेल. तीन, ससा विकत घेण्यापूर्वीच त्याच्या आठ-दहा वर्षांच्या आयुष्याचा, उपचारखर्चाचा आणि सुट्टीत त्यास कोण सांभाळील याचा विचार कुटुंबाने करावा. मुलांना दिलेली भेट म्हणून घरात आलेला ससा मुलांचा उत्साह ओसरल्यावरही तेवढाच गवत मागतो. त्याच्यापुढे ते रोज पडते की नाही, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.